काळा जावई

आई, मी लग्न करतेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी तुलाच सांगावंसं वाटलं. मुलगा घानाचा आहे, इथे जपानात, सेंदाईला, माझ्याच विद्यापीठात भूकंपांवर काम करतो. काळा आहे. स्थळांना फोनवर माझा रंग सांगायचीस तसा 'गव्हाळ' नाही, चांगला काळाकुळकुळीत. झालं, बसलीस ना कपाळाला हात लावून?

इथल्या मराठी बायकांना कळलं आणि गणपतीच्या आरतीनंतर त्यांनी मला हॉलच्या स्वयंपाकघरात गाठलं. "जपून गं बाई, ह्या लोकांचं एकीवर भागत नाही." दुसरी म्हणे, "पोर झालं की टाकून पळतात." तिसरीनं डोळा मिचकावून नको ते विचारलं आणि सगळ्या खिदळल्या. हातातला मोदक फेकून मारावासा वाटला. लॅबमधली जपानी मुलगीही तेच विचारते, फक्त तोंडावर हात ठेवून. अगं, हा माणूस नऊला घोरायला लागतो! नाच येत नाही, तिखट सोसत नाही, आणि इथले कचऱ्याचे नियम मोडून मी लेबल न काढता बाटली टाकली की दोन दिवस गाल फुगवून बसतो. इतका अळणी नवरा मिळतोय, तरी लोक बघतात ते मी विहिरीत उडी मारायला निघाल्यासारखं.

त्यांच्यावर चिडते आणि ऐकू येतेस तू. पोहे खाऊन गेलेल्यांनी 'मुलगी सावळी आहे' म्हणून नकार कळवला, त्या दुपारी मी ओट्याशी उभी आहे आणि तू माझ्या गालांवर साय आणि डाळीचं पीठ खसाखसा घासतेयस. "उन्हात हिंडू नकोस म्हटलं होतं ना? हबशीण दिसतेस नुसती. कोण करून घेणार तुला?" त्या लोकांना मात्र एका शब्दानं बोलली नाहीस. सगळा राग माझ्या कातडीवर. रात्रभर गाल चरचरत होते माझे.

परवा भांडी विसळताना त्यानं विचारलं, "तुझ्या आईला मी आवडलो असतो?"

"खूप," मी म्हटलं. "आग्रह करकरून पुरणपोळी वाढली असती तुला."

त्याला खरंच वाटलं. पुरणपोळी कशी करतात ते फोनवर शोधत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे पत्र कुठे पाठवणार? आणि खरं सांगू, तू असतीस तरी पाठवलं नसतं. तू असतीस तर त्याला हो म्हणायची माझी छातीच झाली नसती. तू नाहीस, आई, म्हणून लग्न होतंय माझं.