कुत्र्याला शिस्त

४ मार्च
ताईने कुत्रा आणला. मला फिट यायच्या आधी त्याला कळतं म्हणे. मुळात मला फिट येतच नाही, चक्कर येते. परवा डोकं आपटून बेसिन फुटलं, ते बेसिनच हलकं होतं. तरी म्हटलं, राहू दे. ताई आल्यापासून घरात माझं ऐकणारं कोणी नाही.

८ मार्च, दुपारी
हल्ला! वर्कशॉपात करवतीचं मशीन सुरू करणार, तोच कुत्र्याने बाही धरून मागे खेचलं. लाथ घातली. सोडेना. आणखी एक घातली. बाही टराटरा फाटली, मी फळ्यांवर आदळलो. पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर जीभ चावलेली, तोंडात रक्त आणि कुत्रा छातीला चिकटून. शेठ म्हणाले, याने वाचवलं. मी म्हटलं, यानेच पाडलं.

१० मार्च
संकल्प : शिस्त. कुत्र्याला शिकवणाऱ्या मॅडमचा फोन आला. मारू नका म्हणाल्या, तो त्याचं काम करतोय. मी मारत नाही. समज देतो. पट्ट्याने.

१५ मार्च
प्रोग्रेस उत्तम. आता ओढत नाही, शेपूट पोटाशी घालून लांबून बघतो. वचक बसला. कुत्र्यांच्या बाबतीत माझा हातखंडाच आहे.

१९ मार्च, सकाळी
आज पुन्हा मशीनसमोर आडवा. भुंकतोय, हटेना. फळी उचलली आणि हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. केकाटत, पाय उचलून कोपऱ्यात गेला. लिहून ठेवतो : विजय. आता कामाला लागतो.

२४ मार्च, हॉस्पिटल
डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची दोन बोटं गेली. मशीनमध्ये फॉल्ट असणार. शेठ सांगतात, मी करवतीवर कोसळलो तेव्हा कुत्रा तीन पायांवर लंगडत आला आणि कोपर दातात धरून मला मागे ओढलं. नाहीतर अख्खा हात गेला असता. कोपरावर दातांचे व्रण आहेत खरे. ताईने उशी नीट केली.

२ एप्रिल
मॅडम कुत्र्याला न्यायला आल्या. म्हणाल्या, आता हा कुणाच्याच कामाचा नाही. माणसाने हात हलवला तरी मुततो. मी प्रेमाने हाक मारली. तो ताईमागे लपला. मी म्हटलं, जातच बुजरी. ताई म्हणाली, आला तेव्हा नव्हता. मग तिने मॅडमना विचारलं, गाडीत माझ्या बॅगेला जागा आहे का.
होती.