माझ्याच नावाची दुसरी

ती. आईस,
पायांवर डोकं ठेवते.

मी मजेत आहे. इथे शिलाईच्या कारखान्यात माझ्याच नावाची आणखी एक बाई निघाली, तीही पार परक्या मुलखातली! सुपरवायझर हाक मारायचा आणि आम्ही दोघी मशीन सोडून उभ्या. शेवटी तो वैतागला. ती वयाने मोठी, म्हणून नाव तिच्याकडे राहिलं आणि मी झाले 'धाकटी'. जन्मभर सगळ्यांची ताई, आणि आता हे!

परवा जरा कणकण होती, तर तिने दटावून मला निजवलं. काळजी करू नकोस, आता ठणठणीत आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

फोनवर तूही मला 'ताई'च म्हणतेस. एकदा नावाने हाक मार गं. त्या नावाला ओ देऊन फार दिवस झाले.

तुझी थोरली,
इथली धाकटी