खुर्चीवर वजन म्हणून

८ जाने., सोम.
आशू येऊन आज चौथा दिवस. सातवा महिना लागलाय. सकाळी दूध घेऊन आलो तर पोरगी बैठकीत फरशीवर हातापायांवर ओणवी, मान एकदा वर, एकदा खाली. पडली असं वाटून हातातली पिशवी सुटली. ती म्हणाली, "पडले न्हाई आबा. मांजर करून राहिले. मार्जारासन. पाठ मोकळी होते."
सांडलेलं दूध पुसायला वाकली तशी मी ओरडलो. उगाच ओरडलो.
मागच्या वर्षीचं पोटातलं तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हापासून ती उंबरा ओलांडते तरी मी उठून उभा राहतो.

९ जाने., मंगळ.
पोरी बाळंतपणाला येतात त्या आईकडे. हिची आई जाऊन चार वर्षं झाली. इथं मी एकटा. सातवी शिकलेला, जन्मभर लातुरात सायकलीची पंक्चरं काढलेला. तिच्या सासूबाई, हिमायतनगरच्या इहीणबाई, पाठवतानाच बोलल्या होत्या की बाईमाणूस नसलेलं माहेर कसलं, जड गेलं तर कळवा, परत घेऊन जाऊ. आशूनं ऐकलं नाही. जावई दोघींच्या मधे गप्प.
आज तिच्यासोबत योगाच्या वर्गाला गेलो. देवळामागचा हॉल. सात-आठ बाया, त्यांत तिघी पोटुशा. मी बाहेर चपलांपाशी बसलो, पण कान आत. शिकवणाऱ्या मॅडम आधी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय गरोदर बाईला आत घेत नाहीत. निघताना मला म्हणाल्या, काका, एवढे घाबरलात तर लिहून घ्या. घेतलं—
पोटावर झोपायचं नाही. फार वेळ उताणंही नाही. श्वास कोंडायचा नाही. चक्कर, दुखणं, अंगावर जाणं, काही झालं की बंद आणि दवाखाना. बाकी सावकाश.
फायदा काय, हे भीत भीत विचारलं. म्हणाल्या, कंबर दुखायची कमी होते, झोप लागते, मन ठिकाणावर राहतं, कळा सोसताना श्वास कामाला येतो. बाळंतपण सोपंच होईल असं मात्र मी कुणाला सांगत नाही.
हे शेवटचं त्या का बोलल्या? तेच डोक्यात बसलं.

१० जाने., बुध.
चूक केली. आशू आंघोळीला गेलेली पाहून इहीणबाईंना फोन लावला. सांगितलं की पोरगी ओणवी होते, बसते, उठते, माझं ऐकत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "संक्रांत झाली की येते. घेऊन जाते."
ठेवल्यावर हलकं वाटलं. दुपारपर्यंतच.

११ जाने., गुरु.
आशूच्या आईची, कमलची आठवण. आशूच्या वेळी ती माहेरी विष्णुपुरीला होती. मी दर रविवारी लातूरहून एस.टी.नं नांदेड, तिथून भाड्याची सायकल. सायकल दुरुस्त करणारा माणूस भाड्याची सायकल चालवतो म्हणून कमल हसायची. एकच काम सांगायची, धरणाचं पाणी दिसेल तिथवर चालू द्या. मी नको म्हणायचो. सासूबाईंनाही बजावून यायचो की उठू देऊ नका.
एका रविवारी सासूबाई बाजारला गेल्या होत्या. तेव्हा गेलो. मी सायकल हातात धरून, ती सीटवर हात ठेवून. पाणी दिसलं तशी थांबली, पदरानं तोंड पुसलं. त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या तिनं. पुढच्या रविवारी तिचं पोट जरा दुखलं म्हणाली आणि मी परत दार लावून घेतलं.
पाय सुजलेले. पुढं जन्मभर कंबर. तेल लावताना एकदा म्हणाली होती, त्या चार महिन्यांत मी उठायचंच विसरले बघा. रागानं नाही म्हणाली. म्हणून जास्त…

१२ जाने., शुक्र.
फोनचं आशूला कळलं. जावयानं सांगितलं असणार. जेवताना ताट सारून म्हणाली, "आबा, मी इथं कामून आले ठाऊक हाय का तुमाला? तिथं मला पलंगावरून उतरू देत न्हाईत. मायेनंच करतात. पण पडून पडून भीतीच वाढते. हललं का, न्हाई हललं, दिवसभर तेच. वर्गाला जाते तेवढा एक तास मला भीती नसते."
मी ताट तिच्याकडं सारलं. जेवली.

१३ जाने., शनि.
सकाळी तिनंच हाक मारली. लोखंडी खुर्ची मधे ठेवली. खुर्चीच्या पाठीला धरून तिला अर्धं खाली बसायचं, पण खुर्ची कलंडते. "तुमी बसा. काही करू नका. वजन म्हणून बसा फक्त."
बसलो. ती मागं, मला दिसत नाही. श्वास तेवढा ऐकू येतो. चार आकडे आत, सहा बाहेर, मोजणं माझ्याकडं. मी भरभर मोजलं, पंप मारायची सवय. म्हणाली, "हळू आबा. ट्यूब फुटंल माझी."
किती दिवसांनी हसलो दोघं.

१५ जाने., सोम.
संक्रांत. शेजारणीनं तीळगूळ आणून दिला. हिची आई असती तर… जाऊ दे.
इहीणबाई उद्या येतात.

१६ जाने., मंगळ.
स्टँडवर आणायला गेलो. नांदेडात गाडी बदलून आलेल्या, डोक्यावर गाठोडं, त्यात बाजरीचं पीठ, लाडू, बाळाला दुपटी. रिक्षा नको म्हणाल्या, चालत आल्या. माझ्यापुढं चार पावलं.
संध्याकाळी आशूनं त्यांच्यासमोरच सगळं केलं. मी खुर्चीत. इहीणबाई भिंतीला टेकून बघत. शेवटी म्हणाल्या, "इवाई, तुमी हितं बसून काय करता?" म्हणालो, वजन. हसल्या नाहीत.

१७ जाने., बुध.
तिघं दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी तपासलं. रक्तदाब ठीक, बाळ ठीक, योग चालू ठेवा, पुढं जसजसं पोट वाढेल तसं काय कमी करायचं ते विचारत जा.
मला वाटलं मिटलं. बाहेर आल्यावर इहीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरीण काय घरी येणार हाय का? अडीअडचणीला कोण धावणार? तुमी तर सोताच फोन करून सांगता की मला भ्या वाटतं. तुमी सांगा इवाई. ठेवू का नेऊ?"
आशू माझ्याकडं बघत होती. म्हणालो, रविवारी सांगतो.
माझीच पोर, आणि रविवारी सांगतो.

१९ जाने., शुक्र.
इहीणबाई वर्गाला जाऊन आल्या. मॅडमनी त्यांनाही भिंतीला पाठ टेकवून, तळव्याला तळवा लावून बसवलं. गुडघे काही खाली जाईनात. घरी येऊन पाय चोळत बसल्या, आशूनं शेक दिला. मग आपणहून बोलल्या, मी चहा गाळत होतो तेव्हा.
"तुमच्या जावयाच्या, म्हेशाच्या येळंला मी कापूस येचत होते. नववा लागला तरी. कुनी बस म्हणलं न्हाई मला. एक दिस तरी कुनी म्हणावं, गया, बस जराशी. म्हणून मी हिला बसवते. दुसरं काय न्हाई."
आशू शेक देता देता थांबली. मग परत देऊ लागली.
यांना कुणी बसू दिलं नाही. कमलला मी उठू दिलं नाही. आणि दोघांच्या मधे ही पोरगी. हे मी बोललो नाही, इथं लिहिलं.

२० जाने., शनि.
आशूच्या गुडघ्याला फरशी लागते म्हणून ती कमलच्या हातची वाकळ चटईवर टाकते. ती घसरते. आज जुनी ट्यूब शोधली, पट्ट्या कापल्या, दाभणानं वाकळीच्या खालच्या अंगाला शिवल्या. कमलचे टाके बारीक, माझे ओबडधोबड. हात लावून सरकवून पाहिली. हलत नाही.
इहीणबाई बघत होत्या. नेऊ देणार असतो तर एवढं शिवलं असतं का, हे त्यांना कळलं असेल. पण बोलायला मलाच पाहिजे.

२१ जाने., रवि.
सकाळी त्यांनी पिशवी भरली आणि दारात उभ्या राहिल्या. विचारलं नाही, नुसत्या उभ्या.
म्हणालो, "राहू द्या इहीणबाई. भ्या मला वाटतच राहील. पण मी हाय."
पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "रोज सांजच्याला फोन पायजे. एक दिस चुकला तर दुसऱ्या गाडीनं येईन. आन् दिवस भरत आले की मी येतेच, मग तुमी काय बी म्हणा." आशूच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. जाताना पिशवीतून एक लाडूचा डबा काढून माझ्या हातात दिला, "हे तुमाला. वजन कमी पडू देऊ नका."
गाडी दिसेनाशी होईस्तोवर उभा होतो.

२३ जाने., मंगळ.
अजून दोन महिने. आशू म्हणते बाळ रात्री जास्त हलतं. हलतं ते चांगलं. विचारून ठेवायचं डॉक्टरबाईंना, किती हललं म्हणजे चांगलं.
आज वर्ग नव्हता, घरीच केलं. मी खुर्चीत, ती मागं. तिनं खुर्चीची पाठ धरली, खाली गेली, खुर्ची जराशी मागं ओढली गेली. विष्णुपुरीच्या वाटेवर सायकलची सीट अशीच ओढली जायची, कमल टेकली की.
मागं वळून बघावंसं फार वाटलं. वळलो असतो तर खुर्ची हलली असती.
एक… दोन… तीन… चार. हळू मोजलं.