घोडीवरची जिलबी

औरंगाबाद, सन १३४५ फसली (इ. स. १९३५)

तीर्थरूप मामांच्या पायांवर वैजनाथचं डोकं. इकडं आम्ही सारे खुशाल. मामींची कंबर आता कशी आहे? पैठणला तुमची प्रकृती (आणि आवाज) ठणठणीत असणार, याबद्दल मला शंका नाही.

आनंदाची बातमी ही की तुमचा भाचा घोड्यावर बसू लागला. कचेरीत गिरदावराची जागा निघाली आहे. गिरदावरानं गावोगाव घोड्यावरून पिकं पाहत फिरायचं असतं, म्हणून येत्या सोमवारी तालुकदारसाहेब मैदानात प्रत्येकाला घोड्यावर बसवून पाहणार. मी बसलो नाही तर जागा माझ्या शेजारच्या मेजावरच्या पुंजारामला जाईल आणि मी जन्मभर त्याच्या कागदांच्या नकला उतरवीन. माझी घोड्याची भीती तुम्हाला ठाऊकच आहे. माझी वरात पायी निघाली, ती तुम्हीच 'मुलाला साधेपणा आवडतो' म्हणून निभावून नेली होती.

उपाय शौकत मास्तरांचा. (ते शाळेत इंग्रजी शिकवतात आणि विलायती मासिकं वाचतात.) त्यांचं म्हणणं असं, की भीती आणि खाण्याचं सुख एका देहात एकाच वेळी नांदत नाहीत, तेव्हा आवडीचं खात बसायचं आणि भीतीची वस्तू रोज थोडी जवळ आणायची. म्हणून वहाब टांगेवाल्याची घोडी पन्नास पावलांवर, आणि मी झाडाखाली शहागंजातल्या गरम जिलब्यांची परात घेऊन. रोज पाच पावलं कमी. तुमची भाचेसून कालिंदी म्हणाली, "जिलब्या तुम्ही खाता अन् घोर मला लागतोय."

सातव्या दिवशी मी आत्मविश्वासाच्या भरात (हा गुण आजोळचा) घोडीला एकदम पुढ्यात आणवलं. तिनं परातीत तोंड घातलं. मी कडुनिंबावर कसा पोचलो ते मला अजून सांगता येत नाही. वाईट हे, की पुढं दोन दिवस नुसती जिलबी दिसली तरी मी जवळचं झाड शोधू लागायचो. घाई केली की उपाय उलटा फिरतो, असं सांगून मास्तरांनी मला पुन्हा पन्नास पावलांवर बसवलं. या खेपेला वहाबच म्हणाला, "साब, अब आपसे जास्ती तो घोडी डर रई." हा मी विजय समजतो. काल जिलबी चघळत हर्सूलच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. भीती मेली. काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक,
वैजनाथ

ता. क. जिलबी तोंडात असते तोवरच मेली. ती संपली की मला खाली उतरवायला दोन माणसं लागतात.

आणखी ता. क. सोमवारी रमजान चालू असेल. साहेबांचे रोजे कडक. त्यांच्यासमोर तोंड हलवणं बेअदबी होईल, आणि मलाही ते बरं वाटणार नाही. मास्तर म्हणतात, खाणंच हवं असं नाही, भीतीला जागा न देणारं दुसरं काहीही चालेल, उदाहरणार्थ राग. मामा, लहानपणी मी विहिरीत उडी मारली ती धीर आला म्हणून नव्हे. काठावरून तुम्ही जे बोलत होता त्याचा इतका राग आला होता, की पाण्याची भीती वाटायची राहूनच गेली. तेव्हा रविवारच्या मोटारीनं या, मैदानाच्या कडेला उभे राहा आणि मला मनसोक्त बोला. वडील गेल्यापासून ते काम तुमच्याशिवाय कुणी केलं नाही, आणि दुसऱ्या कुणाचं बोलणं मला लागतही नाही.

शेवटचं. हे वाचून तुम्ही संतापला असालच. तो संताप तसाच घेऊन या. वाटेत बिडकीनला चहाभजी मात्र खाऊ नका; तुमचा राग त्यानं जातो.