लिंबांच्या मुळाशी पाणी

४ सप्टेंबर
पूर ओसरला, पण बागेच्या खोलगट भागात पाणी अडकलं. बांध आडवा आहे ना. आमच्या संशोधन केंद्राच्या साहेबांना हेच हवं होतं – पाणी साचलं की मातीत काय काय बदलतं, ते रोज मोजायचं. मालकांनी परवानगी दिली आहे. छत्तीस लिंबाची झाडं गुडघाभर पाण्यात, आणि त्यांच्यामध्ये गमबूट घालून मी. आजचा आकडा ४१० मिलिव्होल्ट. मातीत प्राणवायू किती उरलाय, याचा तो अंदाज; शून्याखालीही जातो. आकडा घसरला की समजायचं, मुळांचा श्वास कोंडतोय.

खोली ठीक आहे. खाट, टेबल, एक खिडकी बागेकडे.

६ सप्टेंबर
२६०. दिवसभरात कुणाशी बोलले नाही. यंत्राशी बोलले – ते धरायचं का?

९ सप्टेंबर
११०. माळी रोज बांधावर असतो. साठीचा, काटकुळा, हातात छाटणीची कात्री. छाटायला काही नाही. आज पहिल्यांदा बोलला. "मॅडम, काय म्हणते माती?" मी म्हटलं, "मोजतेय अजून." "मोजा, मोजा," म्हणाला, आणि मी आवरेपर्यंत बसून राहिला.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, आवाज का बसलाय?" वापरच नाही, म्हटलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

१३ सप्टेंबर
उणे ४०. तांबूस माती आता राखाडी-निळसर निघते. खालची पानं पिवळी पडलीत. माळ्याने त्यातलं एक माझ्या हातात ठेवलं. "ताई, जगतील ना?" मॅडमची ताई कधी झाले, कळलं नाही. म्हटलं, "बघू या." खोटं. मला कळत होतं.

साहेबांना फोन केला. पाणी काढू का, विचारलं. "अजून दहा दिवस राहू द्या. आपण मोजायला आलोय, बागकामाला नाही." त्यांचंही चूक नाही. असे सलग आकडे सहजी मिळत नाहीत.

१५ सप्टेंबर
उणे १३०. माती वर काढली की सडक्या अंड्यांचा वास. हा वास म्हणजे मुळांना विष. आणखी दोन दिवस, मग कितीही पाणी काढा, उपयोग नाही.

हे आजारी होते तेव्हा डॉक्टर रोज म्हणायचे, बघू या. त्यांना आधीच कळलं होतं, हे मला मागाहून समजलं. त्या 'बघू या'चा राग पाच वर्षं झाली तरी गेलेला नाही. आणि परवा मी तेच म्हणाले!

१६ सप्टेंबर
सांगून टाकलं. "दादा, आज पाणी काढलं तर बरीच वाचतील. परवा काढलं तर नाही."

तो उठला. जाऊन दोन फावडी घेऊन आला. एक जमिनीत रोवलं, एक स्वतः घेतलं. मी यंत्र पेटीत ठेवलं आणि रोवलेलं उपटलं.

दुपारपर्यंत बांध फोडला. पाणी ओढ्याकडे धावलं. तो सारखा बोलत होता – कुठलं झाड लवकर धरतं, कुठलं रुसतं, कुठल्याला कोंबड्यांचा त्रास. दोन आठवड्यांत इतकं बोलणं कानावर पडलं नव्हतं. हाताला फोड आलेत. गाढ झोप लागेल.

१७ सप्टेंबर
साहेबांना खरं ते कळवलं. बांध मी फोडला, पुढचे आकडे तुलनेला चालणार नाहीत. उत्तर एका ओळीचं – आठवडाभरात सामान घेऊन परत या.

तरी सवयीने आकडा घेतला. उणे ९०.

२१ सप्टेंबर
६०. चढतोय. माळी म्हणतो सहा गेली, बाकीची तग धरतील. मला आता त्याचीच काळजी. माझं जे व्हायचं ते होईल, पण बांधापायी मालक त्याला घरी बसवतील.

२२ सप्टेंबर
मालकांना फोन केला. म्हटलं, बांध मी फोडला, माळ्याला बोल लावू नका. त्यांना काही समजेना. "कुठला माळी? त्याला मी मागच्या वर्षीच काढलं. तिथे आता कुणीच कामाला नाही."

फोन ठेवला. खिडकीतून तो दिसत होता, एका झाडाच्या बुंध्यावरचा गाळ हातांनी बाजूला करताना.