कानाच्या गाडीचा नवा सायलेन्सर

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा खाली मान घालून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? (गुडघा म्हणतोय मी, मामींबद्दल काही नाही.) तुमचा खोकला एव्हाना गेला असेल. तुमच्या कानांची चौकशी मात्र इथे करत नाही, कारण सगळं पत्र त्यांच्याबद्दलच आहे आणि आत्तापासूनच पेन अडखळायला लागलंय.

तुमची सूनबाई कान तपासते आणि मी तिची गाडी चालवतो, हे तुम्ही चारचौघांत कौतुकानं सांगता. गाडीच्या मागच्या सीटा काढून तिथे ती बंद खोली केलीय, हे तुम्ही पाहिलंच आहे. भिंतींना स्पंज, एक खुर्ची, हेडफोन, आणि आवाज ऐकू आला की दाबायचं बटण. आत गुदमरू नये म्हणून पंखा लागतो आणि पंख्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं. इतकी वर्षं त्याचा कुणाला त्रास नव्हता. गाडी डिझेलची असली तरी सायलेन्सर कंपनीचा होता, त्यामुळे इंजिन बिचारं ओठ मिटून चालायचं.

मग साडूनं नवी गाडी घेतली. (हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुम्ही ज्याला ‘अत्तर’ म्हणता तो.) तो गल्लीत वळला की माणसं खिडकीत येऊन बघतात. आम्ही वळलो की माणसं घरातल्या म्हाताऱ्यांना हाका मारतात, कारण गाडीवर हा एवढा मोठा गुलाबी कान रंगवलाय. सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो, तेव्हा निघताना अत्तरनं माझ्या गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, “चालू आहे की ढकलू?” सगळे हसले. हीसुद्धा हसली. ते मला फार लागलं. (लागायला नको होतं. चालू गाडी बंद वाटणं हा आमच्या धंद्यात सन्मान आहे, पण हे मला आज लिहिताना सुचतंय.)

ही चार दिवस बहिणीकडे राहिली आणि मी गाडी घेऊन सायलेन्सरवाल्याकडे गेलो. शिंप्यानं कपडे शिवावेत तसे तो गाडीच्या मापानं पाइप बनवतो. छताला नळ्या लटकलेल्या, कोपऱ्यात वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि मालक चहाचा कप पोटावर ठेवून गाडीखाली आडवा. खालूनच म्हणाला, “डिझेल आहे साहेब. हिची डरकाळी नाही व्हायची. नुसती घुमेल. उभी असली की जास्तच.”

“घुमू दे,” मी म्हटलं.

“आत पेशंट बसतात ना?”

“ते कान तपासायला येतात. त्यांना कुठे ऐकू येतंय!”

हे मी बोललो, मामा. वर हसलो. तोही हसला, त्यामुळे मला अजूनच चेव आला आणि एकाऐवजी दोन तोंडांचा पाइप सांगितला. जुना सायलेन्सर काढला, बंपर कापला, जाड चकचकीत नळी पोटाखालून मागे आणली. चावी फिरवल्यावर दुकानातल्या टेबलावरची चहाची बशी आपणहून सरकली. मला वाटलं, वा! परतताना सिग्नलला थांबलो तर फुटपाथवरच्या बाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. माझ्या गाडीवर कान रंगवलेला आणि गाडी बघून लोक कान झाकतायत, यातला विनोद मला तेव्हा दिसला नाही. मी तिच्याकडे बघून हात हलवला.

पहिल्याच शिबिरात हिनं खोलीतून डोकं बाहेर काढून विचारलं, “हे काय घुमतंय रे?” खरं सांगायला एवढी चांगली संधी परत येणार नव्हती. मी म्हटलं, “पलीकडच्या गल्लीत रस्ता फोडतायत.” स्पंजामुळे बाहेरचा आवाज अडतो, पण हा येत होता जमिनीतून, खुर्चीच्या पायांतून. पुढच्या शिबिरात तिनं परत विचारलं तेव्हा मी म्हटलं, “सध्या सगळीकडेच फोडतायत.” माझ्यावर विश्वास ठेवायची तिला जुनी खोड आहे.

ते दुसरं शिबिर तुमच्या क्लबातलं होतं. तुम्ही आत गेलात तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून इंजिन तापू नये म्हणून मधूनमधून थोडी रेस देत होतो. बाहेर आलात ते हात खिशात घालून. हिनं हलक्या आवाजात सांगितलं होतं की खालचे सूर तुम्हाला जवळजवळ येत नाहीत. एरवी माझ्या हॉर्नचा सूर उतरलाय म्हणून टोमणा मारल्याशिवाय तुम्ही जात नाही. त्या दिवशी काही न बोलता गेलात. मग मामींकडून कळलं की पियानो सुरात लावायची अवजारं तुम्ही कपाटात टाकलीत आणि संगीत शाळेला ‘दुसरा माणूस बघा’ म्हणून कळवलंत. मामा, ते सूर माझ्या नळीनं गिळलेत हे मला तेव्हाच उमगलं होतं. तरी मी गप्प बसलो. जुना सायलेन्सर गुपचूप परत बसवू म्हणून गेलो, तर तो भंगारात गेलेला. नवा मागवायला सांगितला आणि घरी येऊन ‘मामांचं वय झालं गं’ असं म्हणालो. त्याची लाज मला रस्ता फोडण्यापेक्षा जास्त वाटते.

भांडं फोडलं टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका बाईंनी. बटण दाबायचं सोडून त्या हेडफोन काढून म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुमची शिट्टी ऐकू येते हो. पण खाली कुणी घोरतंय.” मग त्या उतरल्या, काठी टेकत गाडीमागे गेल्या, नळीसमोर हात धरला आणि मला म्हणाल्या, “बंद कर.” मी बंद केली. सगळ्या रांगेला पाखरांचा आवाज यायला लागला. हिनं रस्त्याकडे बघितलं, नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

नंतर तिनं एकेकाला फोन करून माफी मागितली. ‘आमच्या गाडीत दोष होता’ एवढंच म्हणायची. दोष शेजारीच उभा असायचा. तुमचा नंबर आला तेव्हा फोन माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “हे तू कळव.” फोनवर जीभ उचलेना, म्हणून हे पत्र. मामा, तुमची तपासणी खोटी होती. अवजारं बाहेर काढा. मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन.

तुमचा,
तोंड लपवणारा भाचा

ता. क. कंपनीचा सायलेन्सर बसला आहे. बुधवारी सकाळी या, ही स्वतः परत तपासेल.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे बुधवारी माझंच काम आहे. गाडी शांत झाली का बघायला हिनं आधी मला आत बसवलं. मी हेडफोन लावून, बटणावर अंगठा ठेवून डाव्या कानातल्या पहिल्या शिट्टीची वाट बघत होतो. बऱ्याच वेळानं म्हटलं, “अगं, सुरू कर की.” ती म्हणाली, “संपलं.” तेव्हापासून माझ्याशी इतकी प्रेमानं वागते आहे की घरात बसवत नाही. कानाचं यंत्र घ्यायला जायचंय आणि तिच्याबरोबर जायची मला लाज वाटते. तुम्ही चला. फक्त तिथे माझ्या उजव्या हाताला बसा. डावीकडून बोललात तर मी नुसता हसून मान हलवीन, आणि ते माझं फार दिवस खपून गेलंय.