दीक्षा नव्हे, बांडगूळ

वारूळवाडी,
आंब्याला मोहोर धरल्याचे दिवस

प्रिय सोमनाथ,

पुनमचंदचा नमस्कार. तुझे गुडघे, वहिनींचं बी.पी. आणि तुमच्या सोसायटीची लिफ्ट, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. (सूरजबाई माझ्याशी बोलत नाही, पण प्रकृतीने ठणठणीत आहे.) मी संसार सोडून दीक्षा घेतोय, हे तुझ्याही कानावर आलं असेल. आमच्या पोराला, पीयूषला, दुकानात मंचरपासून फोन येतायत, म्हणजे पुण्यालाही बातमी पोचली असणार. तर घडलं ते असं.

लेकीकडे, हर्षाकडे, इंग्लंडला गेलो होतो ना, तिच्या शेजारी डेव्हिड नावाचे एक म्हातारे राहतात. निवृत्त पोस्टमन आणि पंथाने ड्रुइड. हा तिकडचा फार जुना पंथ. मधे बुडाला होता, आता लोकांनी नव्याने सुरू केलाय. देऊळ नाही, पोथी नाही. आपल्या गावच्या मातीवर, पाण्यावर, झाडांवर माया करायची, एक जागा धरून रोज बसायचं आणि तिथे कोण कोण राहतं ते बघायचं, एवढीच साधना. मी त्यांना विचारलं, तुमच्या टेकडीवर माझी माया कशी बसणार? ते म्हणाले, माझी टेकडी कशाला, तुमच्याकडे नदी नाही का? सोमनाथ, आपला जन्म मीना नदीच्या काठी गेला, पण पाणी आलंय की आटलंय यापलीकडे मी तिची कधी चौकशी केली नव्हती. विमानात तेच डोक्यात घोळत राहिलं.

परत आल्यावर जागा शोधली. ड्रुइड लोकांना ओक नावाचं झाड लागतं, ते आपल्याकडे नाही. पण नदीकाठी तुझा आंबा आहे. तुला न विचारताच बसायला लागलो. (नुसतं बसायला सातबारा आडवा येत नसावा.) सुरुवातीला मुंग्यांशिवाय कोणी भेटलं नाही. मग एकदा वर बघितलं, तर बांडगूळ! अरे, ड्रुइडांना याहून पवित्र काही नाही. त्यांचे जुने पुजारी पांढरी वस्त्रं नेसून, सोन्याच्या विळ्याने ते कापायचे म्हणे. आपण घरबशा जावयाला जे नाव ठेवतो, त्याची तिकडे पूजा! मला राहवेना.

तुझी चुलती गजराबाई तिथेच मेंढरं राखत असते. तिला सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "शेठ, सोन्याच्या इळ्यानं कापा न्हाईतर दातानं तोडा, पन काडा त्ये. झाडाचा लई रस पितंय." परवानगी मिळाली. सूरजबाईने सोन्याला हात लावू दिला नाही, म्हणून साध्या विळ्याला सोनेरी रंग दिला. वस्त्रांचा प्रश्न नव्हता. आमच्या जैन देरासरात पूजेला नेसतो ते धोतर आणि खांद्यावरचा खेस पांढरेच. विधीला मधाची दारू लागते. आमच्यात मध आणि दारू दोन्ही वर्ज्य, तेव्हा गुऱ्हाळातून उसाचा रस घेतला आणि पेठेतून अनवाणी निघालो.

इथेच चुकलं. आमच्या समाजातला माणूस या वयात पांढऱ्या वस्त्रात, अनवाणी, दुकानाकडे न बघता गावाबाहेर चालला, की लोक एकच अर्थ काढतात: दीक्षा. मी शिडीवरून फांदीवर पोचतोय तोवर सूरजबाईला शेजारणींनी मिठ्या मारल्या होत्या.

वर मात्र वेगळंच जग होतं. बांडगुळाला नारिंगी फुलं, आणि त्यांत अंगठ्याएवढा एक पक्षी. तो बांडगुळाचं फळ खायचा आणि मग ढुंगण फांदीवर घासून चिकट बी तिथेच लावायचा. (हे मी हातभर अंतरावरून पाहिलंय.) म्हणजे ही त्याचीच शेती! मी विळा उगारून तसाच थांबलो. खालून गजराबाई ओरडतेय, "कापा की, राव!"

तेवढ्यात आमच्या जैन संघाचे अध्यक्ष शाल-श्रीफळ घेऊन आले, मागे पंधरावीस माणसं आणि रडणारी सूरजबाई. मला शोधत त्यांनी मान वर केली. "शेठ, दीक्षेच्या आधी हातात शस्त्र? आणि झाडावर?" मी म्हणालो, "दीक्षा नाही, बांडगूळ आहे." सूरजबाईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं आणि अबोला सुरू झाला. शाल परत गेली. श्रीफळ गजराबाईने ठेवून घेतलं.

बाकीची बांडगुळं मी काढली, एक पक्ष्यासाठी ठेवलं. हल्ली सूरजबाई रोज माझ्यामागोमाग येते, मी पुन्हा चढू नये म्हणून. माझ्याकडे पाठ करून बसते. पण परवा पक्षी आला तेव्हा तिने माझा दंड धरून मला गप्प बसवलं. मी तसाही बोलत नव्हतो.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
पुनमचंद

ता.क. आंबा बघायला तू पाठवलेला लाकडाचा व्यापारीही त्या गर्दीत होता, हे मागाहून कळलं. झाडावर काय आहे, असं त्याने विचारलं. गजराबाई म्हणाली, "शेठनी कायतरी बसवलंय." तो चहा न घेता गेला. हे कळल्यावरही मी ते खोडून काढलेलं नाही.

ता.क. २ तुझ्या वडिलांनी या आंब्याला नाव ठेवलं होतं म्हणे. सूरजबाईला शेंद्र्या वाटतं (हे तिने गजराबाईला सांगितलं), गजराबाई खोबऱ्या म्हणते. फोनवर सांगू नकोस. इथे ये, झाडाखाली बस आणि त्याच्या नावाने एकदा हाक मार. व्यापाऱ्याला पुन्हा बोलवायचं की नाही, ते त्यानंतर तूच ठरव.